मॉरिशस : हॉटेलच्या कुंपणाबाहेरचं

सुरुबन

आम्ही तिघं गेलो होतो. मी, नवरा आणि सासूबाई. "मॉरिशसला सासूबाईंना घेऊन कोण जातं?" हे ऑफिसात तीन जणांनी विचारलं, म्हणून आधीच सांगून टाकते : तिकिटं त्यांच्या पैशांची होती.

एकूण आठ दिवस. पहिले तीन दिवस पूर्व किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात काढले. हिरवं-निळं पाणी, पांढरी वाळू, नाश्त्याला चाळीस पदार्थ. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "समुद्र छान आहे गं, पण देश कुठे आहे?" त्या एका वाक्यामुळे पुढची सहल झाली आणि हा धागाही.

देश कुंपणाबाहेर होता. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे रस्ता ओलांडताना मान चुकीच्या बाजूला वळत नाही. फाटकापासून दहा मिनिटांवर गाव. घरं बुटकी, सपाट गच्च्यांची, वादळाला तोंड देण्यासाठी काँक्रीटची. बऱ्याच अंगणांत एक छोटी देवळी, आत मारुती आणि शेजारी बांबूवर लाल झेंडे. पुढच्या वळणावर चर्च, त्याच्यापुढे मशीद, मग दगडी चिमणी उरलेला जुना साखर कारखाना. आणि या सगळ्याच्या अधेमधे ऊस. डोंगर सुरू होईपर्यंत ऊसच ऊस.

बेट लहान आहे. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. आपले टूरवाले त्याचे 'उत्तर दर्शन' आणि 'दक्षिण दर्शन' असे दोन तुकडे करतात आणि एकेका दिवसात उरकतात. आम्ही पहिल्यांदा तेच केलं. आमच्या चालकाने (कंपनीचं नाव विचारू नका, सगळ्या सारख्याच असाव्यात) शामारेलच्या सात रंगांच्या मातीला वीस मिनिटं दिली आणि एका दुकानाला पन्नास. दुकानात जहाजांची लाकडी मॉडेलं होती. ती खरंच सुबक होती, पण आम्हाला जहाज नको होतं.

मग रिसॉर्ट सोडून पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला साधं गेस्टहाऊस घेतलं आणि बसने फिरायला लागलो. बसमध्ये कंडक्टर असतो, तिकीट देतो, उतरायचं असलं की घंटीचं बटण दाबायचं. पहिल्या दिवशी कंडक्टरला मी इंग्रजीत विचारलं, त्याने तुटक उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी आधी "बोंझूर" म्हटलं आणि मग तोच प्रश्न विचारला. त्याने शेजारच्या बाईला सांगून ठेवलं, तिने आमचा स्टॉप येताच सासूबाईंची पिशवी स्वतः उचलून खाली दिली. तिथे दुकानात शिरताना, टॅक्सीत बसताना, रस्ता विचारताना आधी बोंझूर. ते राहिलं की माणूस उद्धट ठरतो.

भाषेची गंमत अशी की संसद चालते इंग्रजीत, वर्तमानपत्रं निघतात फ्रेंचमध्ये आणि माणसं बोलतात क्रेओल, म्हणजे फ्रेंचातून घडलेली तिथली बोली. क्रेओलमध्ये "कसे आहात"ला "की मान्येर?" आणि निरोप घेताना चक्क "सलाम". बाजारात कोथिंबिरीला "कोतोमिली" म्हणतात, तो तमिळ शब्द. शेवग्याच्या पाल्याला "ब्रेद मुरुम", म्हणजे पुढचा शब्द फ्रेंचातून आणि मागचा पुन्हा तमिळ. सासूबाई जुडी हातात घेऊन वास घेत होत्या आणि भाजीवाली नाव सांगत होती. असं पाच-सहा भाज्यांचं झालं. दोघींना समान भाषा एकही नव्हती.

आता ढोलपुरी. राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात काचेची पेटी लावून एक गृहस्थ उभे होते. पेटीत पातळ, पिवळसर पोळ्यांची चळत, वर ओलं फडकं. मागायचं "एन पेर", म्हणजे एक जोडी. जोडीनेच मिळते, एकटी पोळी मागितलीत तर बघत राहतात. त्यांनी दोन पोळ्या एकमेकींवर थोड्या सरकवून ठेवल्या, त्यावर मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, टोमॅटोचं रुगाय (दाट रस्सा), भाजीचं लोणचं, आणि मग डोळे वर करून एकच शब्द : "पीमाँ?" म्हणजे मिरची. हो म्हटलं. कागदात गुंडाळी करून हातात. वीस सेकंदसुद्धा लागले नसतील. सासूबाईंनी पोळीचा कोपरा तोडून आतलं पुरण बोटावर घेतलं, चाखलं आणि निकाल दिला : "हरभऱ्याची डाळच आहे. शिजवून वाटून भरलीय, हळद-जिरं घालून. गूळ घालायचा राहिलाय एवढंच." बिहारकडच्या मजुरांबरोबर गेलेली ही दालपुरी आज तिथे कुणाची एकाची राहिलेली नाही. आमच्या पुढे रांगेत एक चिनी चेहऱ्याचे आजोबा, शाळेच्या गणवेशातली दोन क्रेओल (आफ्रिकी वंशाची) मुलं आणि बुरख्यातल्या एक बाई होत्या. सगळ्यांचं "एन पेर".

मला तरी देशाची ओळख त्या रांगेत झाली. बाकीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकर लावायचाय.

दीडशहाणी

वा! कुकर उतरला की लगेच लिहा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

आडवाटेचा

छान. पण खरं सांगायचं तर मॉरिशसला माणूस पाण्यात डुंबायला जातो. बाजार आणि बस इथे आहेत की. आम्ही पाच दिवस हॉटेलातून हललो नाही आणि अजिबात वाईट वाटलं नाही. शिवाय तिथे सगळं आपल्यासारखंच आहे, मिनी इंडिया! हिंदी चालतं, देवळं आहेत.

सुरुबन

@आडवाटेचा, डुंबलो आम्हीही. हॉटेलातून हललाच नाहीत, तर सगळं आपल्यासारखंच आहे हे कळलं कसं, तेवढं सांगा :)

'मिनी इंडिया' हे मीही जाताना म्हणत होते, येताना म्हणेनासे झाले. त्या बेटावर मूळचं कुणीच नाही. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, डोडो संपवण्यात हातभार लावला आणि १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणले, ऊस वाढवला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं पण फ्रेंचांची भाषा, कायदे, जमिनी तशाच राहू दिल्या. म्हणून आजही गावांची नावं फ्रेंच आणि गाड्या डाव्या बाजूने. १८३५ मध्ये गुलामगिरी गेली, मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून त्याच सुमारास हिंदुस्थानातून करारावर मजूर. चिनी दुकानदार त्यांच्याच आगेमागे. थोडक्यात, प्रत्येकाचा पूर्वज बोटीतून उतरलेला. कुणी साखळदंडात, कुणी अंगठा उठवून, कुणी मालक म्हणून.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, म्हणजे या मजुरांना उतरवायचा डेपो. जागतिक वारसा, २००६ पासून. तिकीट नाही. मी मोठं काहीतरी असेल अशा समजुतीने गेले होते. आहे काय, तर दगडी भिंती, न्हाणीघरांचे अवशेष आणि सोळा पायऱ्या. पायऱ्यांपुढे आता समुद्रसुद्धा नाही, भराव घालून पुढे रस्ता झालाय. १८३४ पासून पुढे जवळपास पाच लाख माणसं या बंदरातून बेटावर आली. डेपोत साधारण दोन दिवस ठेवायचे, नोंद करायचे, नंबर द्यायचे आणि मळ्यावर पाठवायचे. सासूबाई पायऱ्या मोजत चढल्या. वर पोचल्यावर काही बोलल्या नाहीत, चपला मात्र खालीच काढून ठेवल्या होत्या. मला उतरताना दिसल्या.

ल मॉर्नला गेलात तर तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा उभा खडक. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि गुहांत लपून राहायचे. तिथे सांगतात ते असं : गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, वरच्यांना वाटलं धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही दंतकथा आहे असं तेही म्हणतात, पण सांगताना आवाज खाली येतो. त्याच खडकाच्या पायथ्याशी आलिशान हॉटेलं आहेत. आमच्या टूरवाल्याने 'फोटो पॉइंट' एवढंच सांगितलं होतं.

खडीसाखर_२

आम्हाला पुढच्या महिन्यात जायचंय. शाकाहारींचं काय? मुलगी सात वर्षांची. आणि व्हिसा, प्लग, पैसे वगैरे पटकन सांगा ना कुणीतरी.

गच्चीवरून

मी चार वर्षं तिथे होतो, एबेनला नोकरी होती. पटकन सांगतो.

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवायचं, प्रवासाआधी ऑनलाइन फॉर्म भरायचा. वेळ आपल्या दीड तास मागे. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा, कुठे कुठे फ्रेंच गोल दोन पिनांचाही. त्यांचाही रुपयाच, पण आपल्यापेक्षा जड. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदीत रक्कम असते. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी वर आणि तमिळ खाली छापलं गेलं तेव्हा एवढा गदारोळ झाला की नोटाच मागे घ्याव्या लागल्या. तमिळांचं म्हणणं होतं की आम्ही आधी आलो. यावरून तिथल्या समाजाचा अंदाज यावा.

टॅक्सीत बसण्याआधी पैसे ठरवा, मीटरवर विसंबू नका. गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात, सातनंतर भरवसा नको. दुकानं पाच-सहाला मिटतात, रविवारी दुपारनंतर शुकशुकाट. क्युरपीप, रोझ हिलकडे गुरुवारीसुद्धा अर्धा दिवस.

ऋतू उलटे. जून ते सप्टेंबर त्यांचा हिवाळा, म्हणजे आपल्याला आल्हाददायक, पण पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर वारा फार. त्या दिवसांत पश्चिमेला राहा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे. वादळाचे इशारे वर्ग १ ते ४ असे देतात. ३ लागला की सगळं बंद, माणसं घरात, आणि ते लोक ते अक्षरशः पाळतात. क्युरपीप उंचावर आहे, तिथे अधूनमधून बुरबुर चालूच. पातळ जॅकेट ठेवा.

मुलीसाठी : पाण्यात उतरताना रबरी बूट घाला. स्टोनफिश नावाचा मासा दगडासारखा पडून असतो, काटा विषारी. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे म्हणून आतलं पाणी शांत. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला ती भिंत नाही, तिथे लाटा सरळ कड्यावर आपटतात. बघायला जा, पाण्यात उतरू नका. शंख, प्रवाळ उचलून आणू नका, बंदी आहे.

शाकाहार सोपा आहे. फक्त रुगाय म्हटलं की त्यात खारा मासा असू शकतो, विचारून घ्या. सकाळी पावात घालून 'गातो पीमाँ' मिळतात, 'दिपें गातो पीमाँ'. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटून तळलेले छोटे वडे, लोणी लावलेल्या पावात. वडापावचा चुलतभाऊ समजा, बटाटा न मिळालेला. बाजारात अलुदा प्या : दूध, सब्जा, अगर-अगर. फालुद्याचंच नाव, फ चा फक्त विसर पडलाय.

खडीसाखर_२

खूप खूप धन्यवाद दादा! रबरी बूट आजच घेते.

मोहोर

मला वेगळंच विचारायचंय. तिथे मराठी लोक आहेत असं ऐकून आहे. भेटले का कुणी? मराठी बोलतात?

सुरुबन

भेटले. हेच लिहायचं होतं खरं तर, पण लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या तारखा गणपतीत आल्या होत्या. सासूबाईंनी घरचा गणपती दिराकडे सोपवला होता आणि त्याचं ओझं मनावर होतंच. मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, पण आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. का, तर तो विसर्जनाचा दिवस. दीड दिवसाचा गणपती, कोकणातल्यासारखा. गेस्टहाऊसच्या मालकीणबाई (त्या कॅथलिक) म्हणाल्या, उद्या किनाऱ्यावर गर्दी असेल, तुमचे लोक येतात.

तुमचे लोक आले. ट्रकवर, गाड्यांतून, चालत. फुलांनी मढवलेली मूर्ती, पोलिस वाहतूक सांभाळतायत, आणि सुरूच्या झाडांखाली पुरुष गोल करून नाचायला लागले. मृदंग, झांजा, पायांत चाळ. सासूबाईंनी माझा दंड धरला. "अगं, ही जाखडी." त्यांच्या माहेरच्या गावी गणपतीत नाचतात ती. पावलं तीच. एक पाऊल पुढे, गिरकी, खाली वाकून टाळी. गाण्याचे शब्द मात्र घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे. अधेमधे "गणराया" ओळखू आलं, पुढचं हातून निसटलं.

आरती सुरू झाली तेव्हा आम्ही मध्ये घुसलोच. शेजारी एक आजी होत्या, काठापदराची साडी, वर लोकरी स्वेटर. सगळी आरती पाठ, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त 'र' जवळजवळ गिळलेला, क्रेओलमध्ये गिळतात तसा. आरती संपल्यावर सासूबाई त्यांच्याकडे वळल्या आणि भडाभडा मराठीत बोलायला लागल्या : कुठल्या तुम्ही, मूळ गाव कुठलं, कधी आले तुमचे लोक. आजी हसल्या. त्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. नात मध्ये पडली, हिंदी-इंग्रजी मिसळून म्हणाली, "ग्रां-मेर को मराठी आती नहीं है. प्रार्थना आती है."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मला लाज वाटली, कुणाची ते सांगता येत नाही. नातीने मग आम्हाला केळीच्या पानावर प्रसाद आणून दिला. तिने मराठी शाळेत विषय म्हणून घेतली होती. ती सावकाश, पुस्तकातल्यासारखं म्हणाली, "आपण. कृपया. बसावे." आम्ही बसलो.

दीडशहाणी

"आपण. कृपया. बसावे." वाचून डोळ्यांत पाणी आलं हो.

आडवाटेचा

मला नाही आलं. वाईट वाटलं. दीडशे वर्षांत भाषा गेली म्हणजे काय राहिलं? नुसता नाच?

गच्चीवरून

@आडवाटेचा, घाई करू नका. आकड्यांत बघा. बेटावर साडेबारा लाख माणसं, त्यातले मराठी मूठभर. बरेचसे कोकणातले, मुंबई बंदरातून गेलेले. बहुसंख्य मजूर बिहार-उत्तर प्रदेशातले, त्यामुळे मळ्यावरची भाषा भोजपुरी झाली. मग तीही मागे पडली आणि घराघरात क्रेओल आली. तमिळांचं, तेलुगूंचं तेच. भाषा मराठ्यांचीच गेली असं नाही, जवळपास सगळ्यांचीच गेली आणि त्या सगळ्यांतून एक नवी झाली.

तरी मराठी प्राथमिक शाळेपासून विषय म्हणून घेता येते, मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पुढेही शिकता येते. माझ्या हाताखालचा एक मुलगा देवनागरी सुरेख लिहायचा. मी एकदा त्याला कौतुकाने "अरे, तू तर पक्का महाराष्ट्रीय" म्हटलं. तो नम्रपणे म्हणाला, "नाही सर, मी मॉरिशियन मराठी." महाराष्ट्र त्याने बघितलाही नव्हता आणि बघायची घाईही नव्हती. सुट्टीत तो शेजारच्या रियुनियन बेटावर जायचा.

आणखी एक. तिथे 'हिंदू' म्हटलं की व्यवहारात भोजपुरी-हिंदी वंशाचे. तमिळ, तेलुगू, मराठी स्वतःला वेगळं मोजतात, देवळंही वेगळी. तमिळांचं कोविल, त्यांची कावडी, तेलुगूंचा उगादी, मराठ्यांची गणेश चतुर्थी, प्रत्येकाला सार्वजनिक सुट्टी. ख्रिसमस, ईद, चिनी नववर्ष आहेतच. शिवाय १ फेब्रुवारी गुलामगिरी संपल्याची आणि २ नोव्हेंबर मजूर आल्याची. या सुट्ट्यांत फार बारीक तराजू आहे. बाहेरून बघणाऱ्याला मैत्री दिसते, आणि ती आहेही, पण तराजूही आहे. निवडणुकीत कुठल्या समाजाची किती तिकिटं यावर चहाच्या टेबलावर तासन्‌तास बोलतात. पाहुण्याने त्यात पडू नये. मी एकदा पडलो होतो.

मोहोर

काय झालं होतं?

गच्चीवरून

सगळे एकदम फ्रेंचमध्ये बोलायला लागले :)

सुरुबन

@गच्चीवरून, मॉरिशियन मराठी! हे तेव्हा माहीत असतं तर सासूबाईंना समजावता आलं असतं. रात्री त्या मला म्हणाल्या होत्या, "त्यांना आपण हवे होतो की नव्हतो कळलंच नाही."

गंगा तलावाचं राहिलं. डोंगरातलं तळं, खरं तर जुन्या ज्वालामुखीचं मुख. फ्रेंच नाव ग्रां बासें. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं, तेव्हापासून गंगा तलाव. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन चालत येतात. दारात १०८ फुटी शंकर उभा आहे. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती, धुकं होतं. शंकराचे पाय दिसत होते, डोकं दिसत नव्हतं. पूजा करताना एक बाई हिंदी मंत्र म्हणत होती आणि मध्येच मुलाला क्रेओलमध्ये दटावत होती. सासूबाई म्हणाल्या, "दटावणं कळलं हो मला, मंत्रापेक्षा जास्त."

आणि रविवार. रविवारी दुपारी हॉटेलातून बाहेर पडा आणि कुठल्याही सार्वजनिक किनाऱ्यावर जा. तिथे समुद्रकिनारे सगळ्यांचे, हॉटेलांना वाळू विकत घेता येत नाही. सुरूच्या बनात चादरी, बिर्याणीचे टोप, घडीच्या खुर्च्यांत आज्या, चेंडू, कुत्री. संध्याकाळकडे एका टोळक्याने सुक्या काटक्यांचा जाळ केला आणि एकजण रवान शेकायला लागला. रवान म्हणजे मोठ्या चाळणीएवढा डफ, बोकडाच्या कातड्याचा. शेकल्याशिवाय आवाज उघडत नाही. तो कातड्यावर बोटाने टिचकी मारायचा, कान लावायचा, परत शेकायचा. पाच-सात मिनिटं नुसतं हेच. मग थाप पडली. सेगा हे गुलामांचं गाणं. नाचताना पाय वाळूवरून उचलायचे नाहीत, नुसते सरकवायचे, वरचं अंग झुलवायचं. हॉटेलातही आम्ही 'सेगा नाइट' पाहिली होती, रंगीत घागरे आणि लाउडस्पीकर. इथे घागरे नव्हते. एक जाडगेलीशी काकू हाफ पँटमध्ये उठली आणि डोळे मिटून नाचली. तो सेगा वेगळाच.

दीडशहाणी

आणि सासूबाई?

सुरुबन

सासूबाई बसल्या जागी टाळ्या देत होत्या. ठेका बरोबर पकडला होता.

खडीसाखर_२

मुलीला डोडो बघायचाय. आहे ना कुठे? (जिवंत नाही हे तिला सांगितलंय, पटलेलं नाही.)

गच्चीवरून

पोर्ट लुईच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये सांगाडा आहे. जवळच कोदाँ वॉटरफ्रंटला ब्लू पेनी म्युझियम, तिथे १८४७ ची दोन टपाल तिकिटं, एक नारिंगी आणि एक निळं. उजेडाने खराब होतील म्हणून मूळ तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात, तेव्हा वेळ विचारून जा. डोडो गेला, पण तिथला ससाणा वाचवला हे मुलीला जरूर सांगा. मॉरिशस केस्ट्रेल. १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते. आता ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात नशीब असलं तर डोक्यावरून जातो. पाम्प्लेमूसच्या बागेत थाळीएवढी नव्हे, परातीएवढी कमळाची पानं आहेत, तीही दाखवा.

आडवाटेचा

बरं, मान्य. पुढच्या वेळी दोन दिवस बाहेर पडू. पण तीन दिवस डुंबणार.

सुरुबन

@आडवाटेचा, चालेल की! सोमवार बाहेर ठेवा, माहेबूरचा आठवडी बाजार सोमवारी असतो. विमानतळापासून जवळ. तिथे कोवळ्या अननसाचं देठाला धरून झाड कोरून देतात, वर तिखट-मीठ.

मोहोर

अननसाचं झाड? :)

सुरुबन

अननस देठाला धरून सोलतात, साली तिरक्या कोरत जातात, वर शेंडा हिरवा तसाच. हातात धरल्यावर छोटं झाड दिसतं. नीट लिहिलं नव्हतं.

खडीसाखर_२

मंडळी, उतरलो! इमिग्रेशनच्या खिडकीत मी पाठ केल्याप्रमाणे "बोंझूर" म्हटलं, त्यांनी "नमस्ते" म्हटलं, आणि पुढे दोघांनाही काही सुचेना. मुलीने विचारलं, डोडो कुठे आहे, तर त्या अधिकाऱ्याने शिक्का मारता मारता पासपोर्टच्या पानाकडे बोट दाखवून तिला हसवलं.

ढोलपुरी अजून मिळालेली नाही. आज रविवार, दुपारचे तीन, सगळं बंद. तुम्ही सांगितलं होतं.